चंदगडची खोली आणि खिडकीतलं खोटं तळं

खरं सांगायचं तर मला कुठंही जायचं नव्हतं. दसऱ्याच्या आत सगळ्या बिल्डरांना आपापल्या सॅम्पल फ्लॅटचे फोटो हवे असतात. त्यामुळे महिनाभर मी कोल्हापुरातल्या आणि गडमुडशिंगीकडच्या नव्या इमारतींचे जिने ट्रायपॉड खांद्यावर टाकून चढत होते. लिफ्ट कुठंच चालू नव्हती. हॉल, किचन, बेडरूम, आणि सगळीकडं तोच राखाडी सोफा, तीच प्लॅस्टिकची झाडं. घरांच्या आतले फोटो काढणं हा माझा धंदा आहे आणि त्या महिन्यात मला त्याचा अगदी वीट आला होता. कंबर धरली होती. आता दिवाळीपर्यंत कॅमेऱ्याला हात लावणार नाही, असं मी घरात जाहीर करून टाकलं होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"म्याडम, घराच्या आतलं फोटो काढणाऱ्या तुम्हीच न्हवं? मी शांताक्का बोलतोय, चंदगडास्नं."

तिकडच्या बायकाही स्वतःबद्दल 'बोलतोय', 'बघतोय' असंच म्हणतात. कोल्हापुरातल्या एका हॉटेलवाल्यांनी माझा नंबर दिला होता. ते या बाईंच्या घरच्या कारखान्यातून काजू घेतात. शांताक्कांनी घराच्या माडीवरची एक खोली पाहुण्यांसाठी केली होती, म्हणजे आपण होमस्टे म्हणतो तसं. मी म्हटलं, लांब आहे, मी दमलेय, तिकडच्याच कुणाला तरी बोलवा.

"बोलवलंता की," त्या म्हणाल्या. "त्यानं खिडकीत तळं घातलंय."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. आधीच्या फोटोवाल्याला खोली आणि खिडकीबाहेरचं एकत्र काढता येईना. त्यानं खोलीचा फोटो काढला आणि खिडकीच्या जागी कुठलं तरी दुसरंच चित्र चिकटवून दिलं. निळंशार तळं, त्यात पांढरी होडी. शांताक्कांना कौतुक वाटलं, त्यांनी ते तसंच वेबसाईटवर टाकलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याचं एक कुटुंब आलं. पोरं गाडीतून उतरल्या उतरल्या होडी कुठं आहे म्हणून विचारायला लागली. मग जे व्हायचं ते झालं. मंडळी पाणीसुद्धा न घेता परत फिरली आणि वेबसाईटवर फोटोखाली लिहून गेली की इथं फसवणूक होते, मालकीण लबाड आहे. त्यानंतर कुणीच आलं नाही.

"मला आजवर कुणी लबाड म्हटलं न्हवतं वो," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "शिमग्यानंतर नवा काजू येतोय. तवर खोली चालली तर चालली, न्हायतर आमचं मालक तिथं पोती रचणार हायत. तसं ठरलंय आमचं."

आता यावर नाही कसं म्हणणार? आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. मी पिशवी भरली.

तुम्हाला जायचं असेल तर रस्ता सांगून ठेवते. आमची गाडी गॅरेजला होती म्हणून मी एसटीनं गेले. सकाळी लवकर कोल्हापूर स्टँडवरून निघालं की कागल, निपाणी, संकेश्वर करत गडहिंग्लज, आणि पुढं नेसरीवरून चंदगड. अर्धा दिवस जातो असं धरून चाला. हायवेला काम चालू आहे, त्यामुळे डायव्हर्जन आणि धूळ. बायकांना अर्धं तिकीट आहे, खिशाला जड नाही. कंबरेला मात्र आहे. संकेश्वरच्या पुढं खिडकीजवळ बसू नका, माझ्यासारखं डोकं आपटेल.

कंडक्टरनं माझ्या ट्रायपॉडकडं बराच वेळ बघितलं. "ताई, ह्ये काय? तोफ हाय व्हय?"

"कॅमेऱ्याचं स्टँड आहे."

"मग दुमडत न्हाई काय ते? वाटंत आडवं आलंय की! पडलं कोण तर माझ्या नावानं बोंब." एवढं बोलून त्यानं स्वतःच ते उचलून ड्रायव्हरच्या मागं नीट बांधून ठेवलं, आणि गडहिंग्लजला चहाला उतरलो तेव्हा लांबूनच ओरडून सांगितलं, "तोफ हाय जाग्यावर, प्या निवांत." गडहिंग्लजच्या स्टँडबाहेरची भजी खा. बाकी त्या थांब्यावर सांगण्यासारखं काही नाही, स्वच्छतागृहाबद्दल तर मी बोलतच नाही.

नेसरी सोडली की हवा बदलते. ऊस मागं पडतो, भाताची खाचरं लागतात, मग उतारावर काजूची झाडं. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. त्या दिवशी झोपले.

चंदगडहून पुढं रिक्षा करून त्यांच्या वाडीत पोचले तेव्हा दुपार झाली होती. शांताक्का दारातच उभ्या होत्या. साठीच्या आतबाहेरच्या, ठेंगण्या, कपाळाला विभूती, बोटं काजूच्या चिकानं काळवंडलेली. मूळच्या संकेश्वरकडच्या, लग्न होऊन इथं आलेल्या. "बन्नी, बन्नी," म्हणजे या, या, म्हणत त्यांनी माझ्या हातातली पिशवी ओढूनच घेतली. त्यांचे यजमान, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, ओसरीवर काजूच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होते. त्यांनी मान हलवली आणि फोन संपल्यावर एवढंच विचारलं, "पावणं, ह्या खेपेला खिडकीत काय घालणार? समुद्र?"

"ह्यांचं मनावर घेऊ नका," शांताक्का म्हणाल्या. "आधी जेवा."

कडक भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही. घर लिंगायतांचं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची आशा करू नका. जेवण मात्र असं की पाटावरून उठवेना. पण मला झोपायचं नव्हतं, माझा बेत साधा होता. दुपारी काम उरकायचं आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं गडहिंग्लज गाठायचं.

माडीवर गेले. खोली झकास होती. शेणानं सारवल्यासारख्या रंगाच्या भिंती, खाली कडाप्प्याची फरशी, साधे लाकडी पलंग. आणि पश्चिमेला भिंतभर खिडकी, तिच्यातून खाली उतरत गेलेली भातशेती, पलीकडं डोंगर. आता ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण खोलीत बसून बाहेर बघतो तेव्हा डोळ्यांना आतली गादीही दिसते आणि बाहेरचं शेतही. कॅमेऱ्याला ते जमत नाही. खोली नीट आली की खिडकी चुना फासल्यासारखी पांढरी येते. शेत नीट आलं की खोलीत अमावास्या. यावर उपाय तीन. आत फ्लॅश मारून खोलीचा उजेड बाहेरच्या उन्हाइतका वाढवायचा. किंवा कमी-जास्त उजेडाचे चार-पाच फोटो काढून ते कॉम्प्युटरवर एकात एक जिरवायचे. नाहीतर गप बसायचं आणि संध्याकाळची वाट बघायची. सूर्य खाली गेला की आभाळाचा उजेड उतरत उतरत बरोबर आपल्या दिव्यांच्या उजेडाइतका होतो. आठ-दहा मिनिटं आतलं नि बाहेरचं सारखं असतं. मग अंधार.

फ्लॅश लावून बघितला. भिंती चकाकायला लागल्या, खोली दातांच्या दवाखान्यासारखी दिसायला लागली आणि खिडकीच्या काचेत मीच, पदर खोचून उभी. फोटो एकात एक जिरवावेत म्हटलं तर तोवर दरीतून धुकं वर आलं. चंदगडचं धुकं म्हणजे पाहुणा नाही, घरचंच माणूस. आलं आणि खिडकीपुढं बसलं. संध्याकाळपर्यंत हललं नाही. शेवटची गाडी गेली.

मी चिडले होते. कुणावर चिडायचं तेही कळत नव्हतं. अण्णा खाली म्हणालेले ऐकू आलं, "काढू दे की धुक्याचाच. कायबी न्हाय त्यात, म्हंजे खोटं बी न्हाय." हसू आलं, पण फार नाही.

रात्री त्याच खोलीत झोपले. सकाळी जाग आली तेव्हा शांताक्का चहा घेऊन दारात उभ्या होत्या. पाहुण्यांना असंच उठवायचं का, दार वाजवायचं की हाक मारायची, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, दार वाजवा. त्यांनी ते मनातल्या मनात घोकल्यासारखं केलं. मग माझ्याजवळ बसल्या.

"लग्न झाल्यापास्नं काजूच बघतोय मी," त्या म्हणाल्या. "पोरगी बेळगावात दिली. घरात आम्ही दोघंच. हे बोलत्यात ते व्यापाऱ्यासंगट. मला माणसं यायला पाहिजेत वो. चार गावची. जेवाय घालीन, बोलीन. पोती काय बोलणार?"

मी त्यांना म्हटलं की आज संध्याकाळी काढूया, धुकं नसलं तर. आणि खोलीतल्या ट्यूबलाईट काढून टाकूया. संध्याकाळच्या आभाळापुढं ती ट्यूब लावली की खोली आजारी माणसासारखी दिसते. आपल्याला पिवळा बल्ब हवा, तोही कमी ताकदीचा, नाहीतर आतला उजेड बाहेरच्याला खाऊन टाकतो.

म्हणून आम्ही दोघी चंदगडच्या बाजारात गेलो. पहिल्या दुकानात नाही, दुसऱ्यात नाही. तिसरा दुकानदार म्हणाला, "पिवळा कोण नेतंय आता? पांढरा न्या की, लख्ख पडतोय."

"लख्ख नको आहे."

त्यानं शांताक्कांकडं बघितलं. "अक्का, पावण्यास्नी बरं हाय न्हवं?" पण मग माळ्यावर चढून धूळ खात पडलेला एक खोका काढून दिला. तुम्ही कधी घराचे फोटो काढणार असाल तर बल्ब घरूनच घेऊन जा, हा माझा फुकटचा सल्ला. बाजारात एका गाड्यावर गरम पेढे मिळाले, तेही घ्या.

दुपारनंतर आभाळ मोकळं झालं. मी ट्रायपॉड लावला, चादरीच्या चुण्या काढल्या, खिडकीची तावदानं सताड उघडली. काच मिटलेली असली की आत दिवा लागल्यावर सगळी खोली काचेत दिसते आणि बाहेरचं गायब होतं. डोंगरामागं सूर्य गेला. मी खाली हाक मारली, "अक्का, बल्ब लावते हो!"

शांताक्का धावत वर आल्या. "थांबा थांबा! देवाचा दिवा लागायचाय अजून."

त्या घरात तिन्हीसांजेला आधी देवापुढं दिवा लागतो, मग घरातली बटणं दाबायची. त्याआधी नाही. आणि देवापुढचा दिवा लागायचा तो अण्णांची लिंगपूजा आटोपल्यावर. आणि अण्णा नुकतेच पूजेला बसले होते.

"किती वेळ लागतो?"

"ते काय सांगावं. शांतपणानं करत्यात."

मी कॅमेऱ्याच्या मागं उभी राहिले. बाहेरचा उजेड कमी होत चालला होता, डोळ्यांदेखत. आभाळ केशरी होतं ते जांभळट झालं. आज गेलं की गेलं. उद्या सकाळी मला निघायलाच हवं होतं, आणि पुन्हा इतक्या लांब मी आले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. शांताक्कांनाही माहीत होतं. त्या बटणापाशी उभ्या होत्या. एकदा माझ्याकडं बघायच्या, एकदा खिडकीकडं.

"मी दाबतो," त्या एकदम म्हणाल्या. "तुम्ही काढा." हात वर गेला. मग खाली आला. "न्हाय वो. आजवर कधी केलं न्हाय. दाबवंना झालंय."

दमलेल्या माणसाला राग लवकर येतो. मला अण्णांचा इतका राग आला की सांगता येत नाही. हा माणूस मुद्दाम वेळ काढतोय, याला पोती रचायचीत, असंच मला वाटलं. "जा आणि सांगा त्यांना," मी जरा चढ्याच आवाजात म्हटलं.

"पूजेत बोलत न्हाईत ते."

"मग तुम्ही बोला!"

त्या गेल्या. मीही त्यांच्यामागं जिन्याच्या अर्ध्यापर्यंत उतरले. देवघराचं दार उघडं होतं. अण्णा डोळे मिटून बसले होते, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग. शांताक्का उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "अवो, वरचा उजेड चाललाय."

अण्णांनी डोळे उघडले. बायकोकडं बघितलं. मग तळहात तसाच धरून त्यांनी हनुवटीनं समईकडं खूण केली. लाव. पूजा अर्धीच होती, तरी लाव.

शांताक्कांच्या हातून काडी पहिल्यांदा विझली. दुसरी लागली. नमस्कार केला आणि त्या वयाची बाई जिना धावत चढली हो! मी कॅमेऱ्यामागं पोचायच्या आत बटणं दाबून मोकळी.

आणि खोली उजळली. पिवळी, ऊबदार, आणि खिडकीत निळा होत चाललेला डोंगर, त्याखाली भाताचा पोपटी रंग, आतला नि बाहेरचा उजेड सारखा. कुणी कुणाला दाबत नव्हतं. मी काढत सुटले. पावसाळ्यानंतरचे किडे झुंडीनं आत आले, बल्बभोवती घिरट्या घालायला लागले, एक माझ्या कानात गेला. शांताक्का पदरानं हाकलत होत्या आणि मी ओरडत होते, "पदर दिसतोय, मागं व्हा!" बघता बघता डोंगर काळा झाला. संपलं. मी तिथंच फरशीवर बसले.

पूजा उरकून अण्णा वर आले. आम्ही तिघांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघितला. अण्णांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून घेतला.

"झकास आलाय," ते म्हणाले. "पण ह्यो पत्रा दिसतोय की."

खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात त्यांच्याच काजूच्या कारखान्याचं पत्र्याचं शेड होतं. गंजलेलं, वर काळी चिमणी. दोन दिवस मी ते बघत होते आणि माझ्या सवयीनं मनातून केव्हाच पुसून टाकलं होतं. घरी बसून पाच मिनिटांचं काम.

"एवढा पत्रा तेवढा पुसा की," अण्णा म्हणाले. "काढलाच हाय एवढा झकास, तर ती घाण कशाला?"

मी मान डोलावणारच होते. शांताक्का मध्ये पडल्या.

"पत्र्यासकट ऱ्हाऊ दे."

"अगं, पण दिसतंय कसं ते?"

"हाय तसं दिसतंय. माणसं येतील, खिडकीत उभी ऱ्हातील, अन् पत्रा दिसंल त्यास्नी. परत मीच ऐकून घेऊ व्हय? तुम्हाला कुणी न्हाय म्हणालं लबाड. मला म्हणालं." त्या रडत नव्हत्या, पण फार लांबही नव्हत्या. अण्णा चष्मा पुसत राहिले. मग नुसतं "आयतु" म्हणाले, म्हणजे कानडीत बरं, झालं, आणि खाली गेले.

परतीच्या गाडीत उभं राहून आले, नेसरीपर्यंत जागा नव्हती. घरी येऊन दोन दिवस झोपले. मग फोटो कॉम्प्युटरवर उघडला. पत्रा डोळ्यात खुपत होता. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर असं काही समोर आलं की हात आपोआप तिकडं जातो. मी रंग थोडे सारखे केले, किड्यांचे चार ठिपके काढले आणि पत्रा तसाच ठेवून पाठवून दिला.

आता विचाराल, जावं का तिकडं? जा. पावसाळा सरल्यावर जा, कंबरेला तेल लावून जा, एसटीला पर्याय असेल तर बघा. धुक्यानं एखादा दिवस वाया जाईल, तो धरूनच निघा. मला त्या प्रवासातून विश्रांती काही मिळाली नाही. कंबर अजून दुखते. आल्यावर एका बिल्डरनं बेडरूमच्या खिडकीत नदी घालून मागितली. मी नाही म्हटलं. त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं, शांताक्कांना तोंड कसं दाखवायचं एवढाच प्रश्न पडला होता. ते काम गेलं. जाऊ दे.

दिवाळी झाली आणि एका दुपारी त्यांचा फोन आला.

"म्याडम, माणसं आली! सोलापूरची. नवरा-बायको अन् तिची आई."

"मग?"

"मी चहा घिऊन वर गेलतो. दारातनं बघतोय तर तिघंबी खिडकीत. ती पोरगी फोनातला फोटू वर धरती, बाहेर बघती, परत फोनात बघती. म्हटलं, आता पत्र्यावरनं बोलणार ही."

त्या थांबल्या. "अहो, पुढं सांगा की अक्का!"

"मग वळली अन् म्हणाली, काकू, आंघोळीला गरम पाणी कधी मिळंल?"

माझे डोळे भरले, लपवत नाही. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मला कुठलं बोलायला येतंय? रडूच फुटलं मला. ह्यांनीच खालनं वरडून सांगितलं, आत्ता तापवतो म्हणून. बंबात लाकडं घालाय लागल्यात बघा."